बाहेरून खरपूस, आत लालबुंद: घरच्या तव्यावर ट्यूना स्टेक

नीट जमलेल्या ट्यूना स्टेकचा काप आडवा धरून पाहिला तर त्यात तीन थर दिसतात. बाहेर कागदाइतकी पातळ, तपकिरी, खरपूस साल. तिच्या आत दोन-तीन मिलिमीटरचा फिकट करडा पट्टा. आणि मग एकदम लालबुंद, ओलसर, जवळजवळ कच्चा गाभा. घरी बिघडतं ते हे प्रमाण. करड्या पट्ट्याचा सेंटिमीटर होतो, लाल गाभा नाहीसा होतो आणि ताटात येतो कोरडा, भुगा होणारा तुकडा.

म्हणून मासा शिजवायला घेतलाय हे आधी डोक्यातून काढून टाका. इथे फक्त पृष्ठभाग भाजायचा आहे, आणि ती उष्णता आत पोचायच्या आधी मासा तव्यावरून उचलायचा आहे. पृष्ठभागाला खरपूस रंग आणि वास यायला साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता लागते. गाभा मात्र गार किंवा जेमतेम कोमट राहिला पाहिजे. या दोन टोकांमध्ये अंतर असतं दीड-दोन सेंटिमीटरचं. पुढची प्रत्येक पायरी, मासा निवडण्यापासून तो कापेपर्यंत, हे अंतर राखण्यासाठीच आहे.

ट्यूना इतका कोरडा का पडतो, तेही पाहू. सामनसारख्या माशात चरबी भरपूर असते, त्यामुळे मिनिट-दोन मिनिटं जास्त झाली तरी तो सांभाळून घेतो. स्टेकसाठी सर्रास मिळणारा यलोफिन ट्यूना तसा नाही. त्याच्या लाल मांसात चरबी जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असते, बाकी सगळं प्रथिनं आणि पाणी. पन्नास अंशांच्या आसपास ही प्रथिनं आक्रसायला लागतात आणि साठीच्या पुढे गेली की आतलं पाणी पिळून काढावं तसं बाहेर येतं. ते एकदा गेलं की कुठल्याही सॉसने परत येत नाही.

मासा निवडताना

मराठीत ट्यूनाला कुपा म्हणतात, पण कुपा म्हणजे एकच मासा नव्हे. यलोफिन आणि बिगआय या दोन जाती सिअर करण्यासाठी, म्हणजे तापल्या तव्यावर फक्त पृष्ठभाग भाजण्यासाठी, सर्वांत सोयीच्या: मांस घट्ट, रंग लाल, चव सौम्य. ब्लूफिन जास्त चरबीचा आणि फार महाग. तो कच्चाच खाण्यात अर्थ आहे, तव्यावर टाकायची गरज नाही. अल्बाकोरचं मांस फिकट गुलाबी आणि मऊ असतं, तोही चालतो, पण नाजूक हाताने उलटावा लागतो. स्किपजॅक लहान आणि उग्र चवीचा, डब्यातल्या ट्यूनात मुख्यतः तोच असतो. पहिल्यांदा करत असाल तर यलोफिन घ्या.

माझ्या मते जातीपेक्षाही महत्त्वाची आहे जाडी. अडीच सेंटिमीटरपेक्षा पातळ स्टेक घेऊच नका. त्याची साल खरपूस होईपर्यंत गाभा शिजून गेलेला असतो, आणि यात तुमच्या हाताचा काही दोष नसतो. तीन ते चार सेंटिमीटर उत्तम. दोन माणसांसाठी दोन पातळ स्टेक घेण्याऐवजी तेवढ्याच वजनाचा एकच जाड तुकडा घ्या आणि भाजल्यावर काप करून वाटा. माणशी १५० ते २०० ग्रॅम पुरे.

आता मांसावरच्या पांढऱ्या रेषा पाहा. लाकडाच्या वर्तुळांसारख्या त्या एकाआड एक जातात. या संयोजी ऊतींच्या रेषा आहेत. त्या बारीक आणि एकमेकींपासून लांब असतील तर तुकडा मऊ निघतो. दाट आणि जाड रेषा म्हणजे शेपटीकडचा भाग, आणि तो कितीही काळजीने भाजला तरी दातात अडकतो. कडेला काळपट तपकिरी, जवळजवळ काळिजाच्या रंगाचा पट्टा असेल तर तो सुरीने काढून टाका. हे गडद स्नायू खायला चालतात, पण त्यांची चव लोखंडासारखी उग्र असते आणि लाल मांसाच्या शेजारी ती खटकते.

रंगावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ट्यूनाच्या मांसाला लाल रंग देतं ते मायोग्लोबिन. हवेशी संपर्क येत गेला की ते हळूहळू तपकिरी होतं, म्हणून तपकिरी झाक म्हणजे मासा कापून बरेच दिवस झालेत. इथवर सोपं आहे. पण काही ट्यूनावर कार्बन मोनॉक्साइडची किंवा गाळलेल्या धुराची प्रक्रिया केलेली असते. तो वायू मायोग्लोबिनला असा घट्ट चिकटतो की मासा शिळा झाला तरी रंग तसाच राहतो. युरोपीय संघात आणि जपानमध्ये या प्रक्रियेला बंदी आहे, अमेरिकेत ती चालते. अगदी कलिंगडाच्या गरासारखा, एकसारखा चमकदार गुलाबी-लाल रंग दिसला की मी आधी पाकिटावरचा मजकूर वाचते आणि मग वासावर जाते. ताज्या ट्यूनाला समुद्राच्या पाण्यासारखा पुसट वास असतो किंवा वासच नसतो. आंबट किंवा अमोनियासारखा वास आला तर तिथेच नको म्हणा. कधीकधी कापलेल्या भागावर इंद्रधनुष्यासारखी चकाकी दिसते. स्नायूंच्या तंतूंवरून प्रकाश फाकल्यामुळे ती येते, तेवढ्यावरून मासा खराब ठरत नाही.

‘सुशी ग्रेड’ हा शब्द पाटीवर दिसला तर तो विक्रेत्याचा शब्द समजा. अमेरिकेत तरी त्याला कायदेशीर व्याख्या नाही. त्याऐवजी सरळ विचारा: हा मासा कच्चा खाण्याजोगा आहे का, गोठवलेला होता का, आणि कधी वितळवला? ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडचा मासा पूर्ण शिजवून खायचा.

गोठवलेला ट्यूना म्हणजे कमी प्रतीचा, हा समज चुकीचा आहे. खोल समुद्रातल्या बोटींवर उत्तम ट्यूना उणे ६० अंशांपर्यंत गोठवतात, कारण तेवढ्या थंडीत रंग आणि पोत टिकतो. घरच्या फ्रीझरचे उणे १८ अंश त्याला पुरत नाहीत. काही आठवड्यांत तो तपकिरी पडायला लागतो. त्यामुळे ट्यूना आणून साठवू नका, करायच्या बेतानेच आणा.

थंडी तुटू देऊ नका

ट्यूनाच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उबेत राहिला की जीवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. असा मासा खाल्ला की काही मिनिटांपासून तास-दोन तासांत चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर पित्त उठल्यासारखं होतं. लोक याला माशाची ॲलर्जी समजतात, पण ही विषबाधा असते. यातली महत्त्वाची गोष्ट ही की एकदा तयार झालेलं हिस्टामाइन शिजवून जात नाही, गोठवूनही जात नाही. वासालाही ते नेहमी कळतं असं नाही. जिभेला मिरीसारखी चुरचुर जाणवली तर घास तिथेच थांबवा.

उपाय एकच: चार अंशांच्या खाली ठेवणे. मासा आणताना बर्फाची पिशवी सोबत न्या, घरी आल्यावर तो फ्रिजच्या सर्वांत थंड भागात ठेवा आणि त्याच दिवशी करा, फार तर दुसऱ्या दिवशी.

गोठवलेला असेल तर आदल्या रात्री फ्रिजमध्ये वितळायला ठेवा. हवाबंद पाकिटातला असेल तर पाकीट फोडून मगच ठेवा. ऑक्सिजन नसलेल्या जागेत बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जीवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढू शकतो, म्हणून ही खबरदारी. घाई असेल तर मासा घट्ट बंद पिशवीत घालून गार पाण्यात बुडवा आणि पाणी बदलत राहा. एका स्टेकला पाऊण तासाच्या आत काम होतं. कोमट पाणी किंवा ओट्यावर तासन्‌तास ठेवणं, दोन्ही नको.

गरोदर बायका, लहान मुलं, फार वयस्कर माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी लाल गाभ्याचा ट्यूना खाऊ नये. त्यांच्यासाठी गाभा ६३ अंशांपर्यंत शिजला पाहिजे. ट्यूनाच्या मांसात साठणाऱ्या पाऱ्याचाही प्रश्न आहे: अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन गरोदर स्त्रियांना आणि मुलांना बिगआय पूर्ण टाळायला सांगतं, यलोफिन आणि अल्बाकोर आठवड्यातून एकदा चालतात. त्यांच्यासाठी सिअर करण्याचा हट्टही सोडा. ट्यूना ऑलिव्ह तेलात पूर्ण बुडवून अगदी मंद आचेवर ६३ अंशांपर्यंत नेला तर तो तव्यावर पूर्ण शिजवलेल्या स्टेकपेक्षा कितीतरी मऊ राहतो.

काय लागेल

दोन माणसांसाठी:
– ट्यूना स्टेक ३५० ते ४०० ग्रॅम, तीन-चार सेंटिमीटर जाड
– जाडसर मीठ पाऊण चमचा
– धूर उशिरा धरणारं तेल दोन-तीन चमचे
– हवे असतील तर पांढरे आणि काळे तीळ मिळून चार मोठे चमचे

तेल रिफाइंड शेंगदाण्याचं, तांदळाच्या कोंड्याचं, सूर्यफुलाचं, काहीही चालेल. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल आणि लोणी इतक्या आचेवर करपतात, त्यांना शेवटी वरून घाला. तवा बिडाचा किंवा जाड लोखंडी, जाड बुडाचा स्टीलचाही चालेल. नॉनस्टिक नको: त्याचं आवरण साधारण २६० अंशांच्या पुढे खराब होऊन घातक वाफ सोडायला लागतं, आणि आपल्याला त्याच्या जवळपास जायचं आहे. चिमटा, धारदार सुरी आणि सेकंद दाखवणारं घड्याळ हाताशी ठेवा. घड्याळाचा कंटाळा करू नका. ‘साधारण एक मिनिट’ हे डोक्यात मोजलं की नेहमी दोन मिनिटांचं होतं.

कोरडा करणे

ही पायरी लोक वगळतात. माशाच्या पृष्ठभागावर पाणी असेल तर तव्याची सगळी ताकद आधी ते उडवण्यात जाते. पाणी आहे तोवर पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जात नाही, म्हणजे रंग येत नाही. तेवढ्या वेळात आत मात्र उष्णता शिरत राहते. करड्या पट्ट्याचं मुख्य कारण हेच.

म्हणून स्टेक कागदी रुमालाने सगळ्या बाजूंनी टिपून घ्या, कडाही. मीठ लावून एका जाळीवर, काही न झाकता, अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. आधी मिठाने पाणी सुटतं, मग त्यातलं थोडं परत आत मुरतं आणि वरचा भाग किंचित कडक होतो. बाहेर काढल्यावर पुन्हा एकदा टिपा. इतका वेळ नसेल तर मीठ तव्यावर टाकण्याच्या क्षणीच लावा. मधलं काही करू नका: मीठ लावून दहा मिनिटांनी मासा सर्वांत ओला असतो.

लिंबू आणि व्हिनेगर आधी लावायचं नाही. आम्लाने वरचं मांस पांढरट होतं, न भाजताच शिजल्यासारखं. सोया सॉसमध्ये मुरवायचा असेल तर दहा मिनिटांच्या वर नको, आणि साखर किंवा मध असलेलं मुरवण तर अजिबात नको, ते तापल्या तव्यावर क्षणात काळं पडतं. माझं मत विचाराल तर चव नंतर द्यावी. चांगल्या माशाला आधी मीठ पुरतं.

मांसाच्या बाबतीत ऐकलेला नियम, ‘आधी बाहेर काढून ठेवा’, इथे उलटा करा. अडीच-तीन सेंटिमीटरचा स्टेक थेट फ्रिजमधून तव्यावर जाऊ द्या. गाभा जितका गार, तितके जास्त सेकंद आपल्याला साल भाजायला मिळतात. चार सेंटिमीटरचा असेल आणि मध्यभाग अगदी बर्फगार नको असेल, तर दहा-पंधरा मिनिटं बाहेर, त्याहून जास्त नाही.

तवा तापवणे

खिडकी उघडा, धूर ओढणारा पंखा लावा. मग रिकामा तवा मध्यम आचेवर पाच-सात मिनिटं तापू द्या. बिडाचा तवा हळू तापतो आणि ज्योतीच्या वरच तेवढा आधी गरम होतो. त्याला सगळीकडे सारखं व्हायला वेळ द्यायला हवा. इंडक्शन शेगडीवर तर आच पायरीपायरीनेच वाढवा, एकदम पूर्ण जोर दिला तर बीड तडकू शकतं.

पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो चुर्र करून आटला तर तवा अजून कोमटच. मण्यासारखा गोल होऊन घरंगळला तर तवा २०० अंशांच्या आसपास आला. इथेच घाई होते. आच वाढवून आणखी एक-दोन मिनिटं थांबा, २३० ते २५० अंश हवेत. लेझर थर्मामीटर असेल तर काम सोपं होतं, पण नसला तरी तेल सांगतं: चमचाभर तेल टाकल्यावर ते लगेच पाण्यासारखं पातळ होऊन लहरायला लागलं आणि धुराची पहिली रेघ निघाली, की तीच वेळ.

तेलाचा मोठा भाग मात्र तव्याला नाही, माशाला. स्टेकला दोन्ही बाजूंनी आणि कडांना हाताने तेलाचा पातळ थर चोळा. मासा वरून सपाट दिसला तरी नसतो. त्याच्या बारीक खाचांत उष्णता पोचवायचं काम तेल करतं, आणि तव्यात कमी तेल म्हणजे धूरही कमी.

ती दोन-तीन मिनिटं

स्टेक आपल्यापासून दूरच्या दिशेला अलगद आडवा सोडा, म्हणजे तेल अंगावर उडणार नाही. आवाज जोरात आणि सलग यायला हवा. आवाज पडला तर तवा गार होता. मासा लगेच उचला, तवा परत तापवा. सुरुवातीचे पाच-सात सेकंद उलथन्याने हलकं दाबा, म्हणजे सगळा भाग तव्याला टेकेल. नंतर हात लावायचा नाही. सरकवत राहिलं तर रंग धरत नाही.

अडीच सेंटिमीटरच्या स्टेकला एका बाजूला ४० ते ५० सेकंद. तीन सेंटिमीटरला एक मिनिट. चार सेंटिमीटरला सव्वा ते दीड मिनिट. पण घड्याळाबरोबर स्टेकच्या कडेवरही नजर ठेवा, ट्यूना तिथे सगळं उघड सांगतो: खालून करडी रेघ वर चढताना स्पष्ट दिसते. ती तीन मिलिमीटरवर आली की उलटा, रंग मनासारखा आलेला नसला तरीही. थोडी फिकट साल चालते, शिजलेला गाभा चालत नाही.

उलटताना तव्याचा न वापरलेला भाग निवडा, कारण मासा होता तिथला तवा गार झालेला असतो. दुसरी बाजू पहिलीपेक्षा पाच-दहा सेकंद आधीच होते. मग चिमट्याने उभा धरून प्रत्येक कड दहा सेकंद टेकवा. दोन स्टेक असतील तर त्यांच्यात तीन बोटांचं अंतर हवं. तवा लहान असेल तर एकामागून एक करा आणि मधे तवा परत तापू द्या.

थर्मामीटर कडेने, बरोबर मध्यात घालायचा. अगदी लाल गाभा हवा असेल तर तिथे तिशीच्या आतबाहेर आकडा दिसेल. ४५ ते ४८ अंशांवर तो गुलाबी आणि उबदार होतो, ज्यांना कच्चेपणा नको त्यांना हा टप्पा आवडतो. ५२ च्या पुढे नेऊ नका, पूर्णच शिजवायचा नसेल तर.

तिळाचं आवरण करायचं असेल तर तेल लावलेला स्टेक तिळात सगळ्या बाजूंनी घोळवून तळव्याने दाबा. तीळ कच्चेच घ्या. ते मांसापेक्षा लवकर करपतात आणि कडवट होतात, म्हणून आच मध्यमाच्या थोडी वर ठेवा आणि पांढरे तीळ सोनेरी दिसले की उलटा. मिरी मी भाजून झाल्यावरच भरडून घालते. तव्यावर तिचा सुगंध जातो, नुसता ठसका उरतो.

कापणे आणि वाढणे

गरम तव्यात स्टेक राहू देऊ नका, शेगडी बंद केली तरी तवा भाजतच असतो. लगेच लाकडी पाटावर घ्या, दोन मिनिटं थांबा. झाकू नका, वाफेने साल मऊ पडते. मग मांसाच्या रेषा कोणत्या दिशेने जातात ते पाहून त्यांना आडवं कापा. सुरी धारदार हवी आणि ती लांब ओढायची. करवतीसारखी मागेपुढे केली की साल निघून येते आणि लाल मांस चुरगळतं. काप पाऊण ते एक सेंटिमीटर जाड. प्रत्येक कापानंतर सुरी ओल्या कापडाने पुसली तर लाल भागावर काळे डाग लागत नाहीत.

सॉस आधीच तयार असू द्या. दोन मोठे चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा लिंबाचा रस, अर्धा चमचा किसलेलं आलं, पाव चमचा मध आणि भाजलेल्या तिळाच्या तेलाचे चार-पाच थेंब. हा कापांवर ओतायचा नाही, खाली पसरायचा किंवा वाटीत बाजूला ठेवायचा, म्हणजे साल कुरकुरीत राहते. सोया नको असेल तर चांगलं ऑलिव्ह तेल, लिंबाची किसलेली साल आणि जाडसर मीठ, एवढंही छान लागतं. सोबत काहीतरी गार आणि कुरकुरीत हवं, काकडी, मुळा किंवा पातळ चिरलेली कोबी. मऊ माशाबरोबर मऊ भाजी नको.

कापल्यावर मध्यभाग फारच कच्चा वाटला तर तो तुकडा परत तव्यावर टाकू नका. आणखी पातळ काप करा आणि गरम ताटात वाढा, तेवढ्या उबेत तो निवळतो. उलट जास्त शिजला असेल तर काप करायच्या भानगडीत पडू नका: हाताने कुस्करून भरपूर ऑलिव्ह तेल, लिंबू, बारीक कांदा आणि मिरी घाला आणि पावात भरा.

उरलेला ट्यूना लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी गारच खा. परत गरम केला की आदल्या दिवशी सेकंद मोजून वाचवलेला लाल भाग अर्ध्या मिनिटात करडा होतो.